दाखल होताना विचारा

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातले, कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधले गाव. ऊस, कांदा, टोमॅटोचे बागायती शिवार, आणि त्या उसात ठाण मांडून बसलेला बिबट्या. २०२४ मध्ये या शिवारात शेतात काम करणाऱ्या महिलांचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला आणि गावाचे नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आले. अशा मृत्यूनंतर वन विभागाकडून कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात, हे आता या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. माणूस जखमी झाला तर उपचाराच्या खर्चासाठीही मदत मिळते. हल्ला झाला की वन विभागाची माणसे येतात, पंचनामा होतो, पुढारी भेटून जातात. मदतीला त्या घराचा पत्ता सापडतो.

पण याच गावांतली कितीतरी जास्त घरे हृदयाच्या झडपेने, निकामी झालेल्या मूत्रपिंडाने, कर्करोगाने किंवा मोटारसायकलच्या अपघाताने मोडतात. तिथे पंचनाम्याला कोणी येत नाही. आधी सोने गहाण पडते, मग सोसायटीचे कर्ज थकते, मग बांधालगतचे दहा-वीस गुंठे विकायला निघतात. या घरांसाठीही सरकारी मदत आहे, आणि ती लहान नाही. फक्त ती चालत येत नाही. मागावी लागते, आणि मागण्याची एक वेळ असते. ती वेळ टळली की हक्काचे पैसेही हातचे जातात.

वयस्कर माणसे अजून 'जीवनदायी'च म्हणतात. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंडाच्या मोठ्या आजारांत मदत देणारी जीवनदायी योजना राज्यात आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना जोडून चालवल्या जाऊ लागल्या. इतक्या वेळा पाटी बदलल्यावर सामान्य माणसाचा गोंधळ होणारच. रुग्णालयाच्या खिडकीवर 'राजीव गांधी चालते का?' असे कोणी विचारले तर त्याला 'ती बंद झाली' एवढेच सांगून परत पाठवणे हा अन्याय आहे. योजना चालू आहे आणि पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे.

सर्वांत मोठा बदल २०२३ मधला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने विम्याची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची मर्यादा साडेचार लाखांवर गेली, उपचारांची यादी १,३५६ वर पोचली. आणि पिवळ्या-केशरी कार्डांपुरती असलेली योजना पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही खुली झाली. ही वाढीव योजना १ जुलै २०२४ पासून राज्यात लागू आहे. जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात हा बदल नीट पोचायला हवा. चार एकर ऊस आणि एक ट्रॅक्टर असलेले घर स्वतःला गरीब म्हणवून घेत नाही, 'आपल्याला कुठली योजना' असे म्हणून विचारतही नाही. पण बायपासच्या बिलासमोर चार एकर उसाचा टिकाव लागत नाही. पांढरे कार्ड असलेल्यांनीही आता विचारायचे आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी तर उत्पन्नाची अटच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. आधार कार्डावरचे वय हाच त्याचा पुरावा. गावातल्या पारावर बसणाऱ्या आजोबांपैकी किती जणांच्या खिशात ते कार्ड आहे, हे आशाताईंनी एका दुपारी सहज पाहून घ्यावे.

आता मदत मागण्याच्या वेळेविषयी. फुले योजनेत पैसा रुग्णाच्या हातात येत नाही. रुग्णालय उपचाराआधी ऑनलाइन मंजुरी मागते, ती मिळाली की उपचार होतात आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. त्यात खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे भाडेसुद्धा धरलेले असते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात. मात्र आधी रोख भरून, डिस्चार्ज घेऊन, मग बिलांची पिशवी घेऊन गेले तर परतफेड मिळत नाही. म्हणून पहिला प्रश्न रुग्णाला दाखल करतानाच विचारायचा: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि आरोग्यमित्र कुठे बसतात? योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्याचे टेबल बहुतेक वेळा तळमजल्यावर, कॅश काउंटरच्या आसपास असते. घाबरलेले नातेवाईक आधी कॅश काउंटरवर पोचतात, तिथेच बहुतेक नुकसान होते. घरातून निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नि:शुल्क क्रमांकांवर फोन केला तर हा आजार योजनेत बसतो का आणि जवळचे योजनेतले रुग्णालय कोणते, हे दोन्ही कळते. आयुष्मान भारतसाठीचा क्रमांक १४५५५. हे आकडे कॅलेंडरवर, दूध संस्थेच्या पासबुकावर, कुठेही लिहून ठेवावेत. योजनेत सगळेच बसत नाही, साधा ताप किंवा बाह्यरुग्ण विभागातली तपासणी त्यात येत नाही. तेही आधीच कळलेले बरे.

अडते बहुधा कागदावर. रेशन कार्डावर सुनेचे नाव नसते, कारण लग्न होऊन सहा वर्षे झाली तरी माहेरच्या कार्डावरून ते कमी केलेले नसते. आधारवर 'सुनीता' आणि रेशन कार्डावर 'सुनंदा' असते. वडिलांच्या नावावरचे कार्ड दोन भावांत वाटले गेलेले असते, पण तहसीलला मात्र ते एकच असते. आणि बोटांचे ठसे! वर्षानुवर्षे कांदा काढून, खुरपे धरून, शेण सारवून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्रावर अंगठा पुन्हा पुन्हा दाबूनही दिवा हिरवा होत नाही. केंद्रचालक 'उद्या या' म्हणतो आणि ती बाई उद्याची मजुरी बुडवून परत येत नाही. अशा वेळी आयुष्मान कार्डासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा जुळवण्याची सोय आहे, तिचा आग्रह धरावा. ही सगळी दुरुस्ती निवांतपणी चार फेऱ्यांत होते. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

पिंपरी पेंढारपासून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. मोठ्या शस्त्रक्रिया बहुतेक पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला होतात, माळशेज घाटापलीकडे कल्याण-मुंबईलाही लोक जातात. पण प्रत्येक वेळी तिकडे धावण्याची गरज नसते. नारायणगाव आणि जुन्नरला ग्रामीण रुग्णालये आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे मोफत झाले आहे. पुण्याचे ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने हा निर्णय तिथे लागू नाही, तिथे आरोग्यमित्राकडूनच वाट काढावी लागते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते, तिचे भाडे नाही. बाळंतिणीसाठी १०२. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन झाले तरी, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, औषध आणि जेवणासह.

योजनेत न बसणारा आजार असला किंवा रुग्ण मोठ्या खासगी रुग्णालयात आधीच दाखल झाला असला, तर दुसरे दार आहे. पुण्यातली बरीच नामांकित रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. ही भीक नाही, या रुग्णालयांनी धर्मादाय म्हणून घेतलेल्या सवलतींच्या बदल्यात समाजाला द्यायचे देणे आहे, आणि ते ताठ मानेने मागावे. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात अडवता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर हाच डिपॉझिटचा प्रश्न राज्यभर पेटला होता. रुग्णालयात समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड द्यावे. टाळाटाळ झाली तर पुण्यातल्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करावी.

याशिवाय मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावे लागते, रुग्णालयाचे एस्टिमेट, तपासण्यांचे अहवाल, आधार आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. पैसे रुग्णालयाच्याच खात्यात जातात आणि इथेही डिस्चार्जनंतर परतफेड नाही. उत्पन्नाचा दाखला एका दिवसात हाती पडेलच असे नसते, म्हणून तो आधीच काढून ठेवलेला असावा. पुढाऱ्याच्या पत्राने अर्ज पुढे सरकतो असा समज आहे. पत्र मिळाले तर घ्यावे, पण पूर्ण भरलेला अर्ज त्या पत्रापेक्षा जास्त कामाचा असतो.

एका गोष्टीकडे या भागात फार दुर्लक्ष होते. जुन्नर-आंबेगावची पोरे चाकणला, रांजणगावला, भोसरीला कंपन्यांत कामाला आहेत. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांच्या पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) पैसे कापले जातात, पगारपत्रकावर ते दिसते. ईएसआयच्या कार्डावर बायको-मुलेच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेले गावाकडचे आई-वडीलही येऊ शकतात. त्यांची नावे नोंदवावी लागतात, एवढेच. ईएसआयची रुग्णालये पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडला आहेत. मुलगा दर महिन्याला वर्गणी भरतो आणि आई मोतीबिंदूसाठी उसने पैसे काढते, असे व्हायला नको.

शेतातल्या अपघातांची वाट निराळी. सर्पदंश इथे बिबट्यापेक्षा जुना शत्रू. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे रुग्ण वाचवण्यासाठी या पट्ट्यात दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्यासारखे डॉक्टर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखान्यात आणा, असे सांगत आले आहेत. त्यातूनही माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख मिळतात. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो आणि घरातला आणखी एक जण, वय १० ते ७५, यात येतात. वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, रस्ता अपघात हेही धरले जातात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. दुःखात तीस दिवस कसे सरतात ते घरच्यांना कळत नाही, म्हणून भावकीतल्या कोणी तरी हे काम अंगावर घ्यावे. पुणे-नाशिक महामार्गावर अपघात झाला तर मे २०२५ पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, जखमी श्रीमंत असो की गरीब.

लहान मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा करते. हृदयाला छिद्र असलेले मूल तिथे सापडले तर शस्त्रक्रियेपर्यंतची वाट तेच पथक लावून देते. त्या दिवशी मुलाला शाळा बुडवू देऊ नये. क्षयाच्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना हजार रुपये मिळतात, बँक खाते मात्र जोडलेले हवे.

ऊसतोड मजूर आणि मेंढपाळ यांच्याकडे तर सगळ्यांत आधी पाहायला हवे. रात्री उघड्यावर, पालात झोपणारी ही कुटुंबे बिबट्याच्याही सर्वांत जवळ असतात आणि दवाखान्यापासून सर्वांत दूर. त्यांचे रेशन कार्ड बीडचे असो की पारनेरचे, राज्याची योजना जिल्हा पाहत नाही. पुण्यातल्या रुग्णालयातही तेच कार्ड चालते. हे त्यांना साखर कारखान्याच्या गट कार्यालयाने हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायला हवे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. रस्ते, पाणी, घरकुलांच्या विषयांसोबत एकदा आरोग्याचाही विषय घेता येईल: कोणत्या घरात रेशन कार्डावर कोणाचे नाव राहिले आहे, सत्तरीच्या पुढचे किती जण कार्डाविना आहेत, गावातली कोणती मुले कंपनीत आहेत आणि त्यांच्या आई-वडिलांची नोंद झाली आहे का. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि रेशन दुकानदार एकत्र बसले तर गावातल्या सगळ्या घरांची यादी एका दिवसात तयार होते. पुढच्या ग्रामसभेपर्यंत त्यातली निम्मी नावे दुरुस्त होऊ शकतात.