नायट्रोजनचं मूळ गाव

इंदुरात आमची पाचवी पिढी वाढते आहे, तरी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. मागे पुण्याला एका लग्नात माझ्या भाचीच्या मराठीला कुणीतरी हसलं. तेव्हापासून ती घरातही हिंदीतच बोलायची.

ती नववीत आहे. परवा पुस्तक घेऊन आली. "मौसी, हवा में अठहत्तर टक्का नायट्रोजन है, पर आया कहाँ से?" मी शाळेत विज्ञान शिकवते, पण मलाही चटकन सांगता येईना. "ताऱ्यांच्या पोटात तयार झाला," एवढं म्हणाले. पण तिथून पृथ्वीवर कसा पोचला? मग दोघी वाचायला बसलो.

नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात: १४ आणि १५. आपल्या हवेत साधारण २७२ हलक्या अणूंमागे एक जड अणू असतो. माणूस कुठला ते बोलण्याच्या हेलावरून कळतं, तसं या प्रमाणावरून नायट्रोजनचं मूळ शोधता येतं.

नासाचं जेनेसिस यान सूर्याकडून येणारे कण गोळा करून २००४ साली परतलं. पॅराशूट उघडलंच नाही आणि कुपी युटाच्या वाळवंटात आदळली. तरी शास्त्रज्ञांनी तुकडे वेचून काम पुढे नेलं. २०११ मध्ये उत्तर मिळालं: सूर्यात सुमारे ४४० हलक्या अणूंमागे एक जड. म्हणजे सूर्य ज्या वायूतून जन्मला, त्यातून आपला नायट्रोजन थेट आलेला नाही. धूमकेतूंत हेच प्रमाण सुमारे १४० मागे एक, म्हणून त्यांचा वाटाही थोडाच असणार.

आपल्या हवेच्या जवळ जातात ते काही उल्कापाषाण. तशाच दगडांपासून पृथ्वी घडली. नायट्रोजन त्यांच्यातच दडलेला होता. पुढे ज्वालामुखींच्या वायूंबरोबर तो बाहेर पडला आणि सहसा कशाशी संयोग पावत नसल्यामुळे हवेत साठत गेला. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तोच पकडतात, आणि वरणातल्या प्रथिनांतून तो आपल्या अंगात येतो.

"म्हणजे अब्जावधी वर्षं झाली तरी त्याचा हेल गेला नाही?" भाचीने विचारलं. मराठीत.

"नाही गेला," मी म्हणाले. "म्हणून तर पत्ता लागला."

रात्री तिने आजीला फोन करून सगळं सांगितलं, आपल्या इंदुरी हेलात.