४के लावलं की झालं?

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाकडे निघालो तेव्हा छातीच्या पट्ट्यावर नवाकोरा अ‍ॅक्शन कॅमेरा होता आणि सेटिंग अर्थातच सगळ्यात वरचं: ४के, ६० फ्रेम. टोलारखिंडीच्या वरचा कातळटप्पा चढतोय तोवर कार्ड भरलं. भरलं ते कशानं, तर पुढच्या माणसाच्या सॅकनं आणि माझ्या धापांनी. कोकणकड्यावरचा सूर्यास्त शेवटी फोनवर घेतला.

हिशेब आधीच करता आला असता. अशा मोडमध्ये बरेच कॅमेरे सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास माहिती लिहितात. आठाने भागलं की साडेबारा मेगाबाइट. म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही.

गैरसमज: आकडा मोठा, तर चित्रण चांगलं.
४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात, १०८०पीमध्ये २१ लाखांच्या आसपास. फरक चौपट, हे खरंच. पण बिंदूंचा आकडा एकटा काही सांगत नाही. २०१२ च्या गोप्रो हिरो ३ ब्लॅकवरही ४के होतं, पण सेकंदाला फक्त १५ फ्रेम. त्यात चालतानाचं चित्रण धक्के खातच दिसणार. ३० फ्रेमचं ४के २०१४ च्या हिरो ४ ब्लॅकमध्ये आलं, ६० चं २०१७ च्या हिरो ६ मध्ये. ४केचा खरा फायदा नंतर कळतो: एडिट करताना चौकटीचा एक तुकडा कापून मोठा करायचा असेल, तर हाताशी ऐवज असतो. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच जाणार असेल तर १०८०पी भरपूर झालं. तिथे ती दाबून बारीक होणारच आहे.

गैरसमज: जास्त फ्रेम कधीही बऱ्या.
केदारेश्वराच्या गुहेत जाऊन बघा. चारपैकी एकच खांब उभा, मधे शिवलिंग, भोवती गारठलेलं पाणी आणि उजेड म्हणाल तर तोंडाशी येईल तेवढाच. ३० फ्रेमला शटर फार तर एक तीसांश सेकंद उघडं राहू शकतं, ६० ला एक साठांश. स्लो मोशनसाठी २४० फ्रेम लावल्या तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ३० च्या तुलनेत आठवा हिस्सा प्रकाश येतो. ही तूट कॅमेरा आयएसओ चढवून भरतो, आणि पडद्यावर रवाळ कालवण दिसतं. स्लो मोशन लख्ख उन्हातल्या धबधब्यासाठी ठेवावं.

याच गुहेत दुसरा भ्रमही फुटतो, तो स्टॅबिलायझेशनचा. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चौकटीच्या कडा थोड्या कापून फ्रेम एकमेकींशी जुळवतं. शटर उघडं असताना हात हलल्यामुळे फ्रेमच्या आतच फरफटलेला ठसा मात्र त्याला पुसता येत नाही. चौकट स्थिर आणि आतलं चित्र थरथरतंय, असा विचित्र प्रकार मग घडतो. अंधारात उपाय जुनाच: थांबा, कॅमेरा दगडाला टेकवा, स्थिरीकरण बंद करा.

गैरसमज: चित्रणात काळे पट्टे फिरतात, म्हणजे कॅमेरा बिघडला.
गणपतीच्या आरतीचं चित्रण आठवा. झांजा, निरांजन, सगळं नीट. फक्त मखरावरून काळसर पट्टे सरकत राहतात. माझ्या ओळखीच्या एकाने यासाठी कॅमेरा दुकानात परत नेला होता! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसतं. सेकंदाला ५० फ्रेम घेतल्या तर प्रत्येकीच्या वेळात नेमक्या दोन लुकलुकी बसतात. ६० ला गणित जुळत नाही. मेनूत अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तिथे ६० हर्ट्झ आधीपासूनच लावलेलं असतं. ५० केल्यावर ३० आणि ६० च्या जागी २५ आणि ५० हे पर्याय दिसले, तर काही गमावलं असं वाटून घेऊ नका.

राहिलं कार्ड. लांबलचक चित्रणाच्या अनेक फाइली होणं हा दोष नव्हे. एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपलीकडे जातच नाही, आणि कॅमेरे ती तुकड्यांची रीत अजून पाळतात. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. आपल्याला हवं व्ही३० हे बारीक चिन्ह: सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी.

पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री घरच्या दिव्याखाली एक मिनिटभर चित्रण करा. पट्टे येतात का आणि फाइल किती एमबीची झाली, एवढं पाहा. मग सॅक भरा.