वारसा आणि मिरास

आपल्या मंडळांच्या भाषणांत ‘वारसा’ हा शब्द हमखास येतो. भाषेचा वारसा, सणांचा वारसा मुलांना द्यायचा, असे आपण म्हणतो. इथे अल्फारेटात आमच्या रविवारच्या मराठी वर्गात एका मुलाने मला विचारले, “काका, हा शब्द संस्कृत आहे का?” नाही, तो मूळचा अरबी.

अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. व्यंजने तीच राहतात. स्वर आणि मागचेपुढचे जोड बदलले की नवा अर्थ निघतो. आपला धातू आहे ‘व-र-थ’. त्यातला ‘थ’ इंग्रजी ‘थिंक’मधल्यासारखा. फारसीत तो उच्चार नाही, तिथे त्याचा ‘स’ झाला. आणि दख्खनच्या दरबारांतून फारसीमार्फत शब्द आपल्याकडे आले ते ‘स’ घेऊनच.

पहिल्या व्यंजनाला ‘आ’ आणि दुसऱ्याला ‘इ’ लावला की ‘ते करणारा’ असा अर्थ होतो. साहिब म्हणजे सोबत करणारा. तो आपला साहेब. शाइरचा झाला शाहीर. तसाच वारिस, म्हणजे आपला वारस. त्याच घरातले वारसा आणि वारसदार. फारसी ‘बे’ लागून झाले बेवारस.

दुसरी फांदी मात्र चटकन ओळखू येत नाही. धातूआधी ‘मि’ लागला की ‘इ’पुढचा ‘व’ विरघळतो आणि ‘ई’ दीर्घ होते. म्हणून ‘मिव्राथ’ न होता मीराथ, आणि मराठीत मिरास. ‘व-ल-द’ या जन्मवाचक धातूचेही तसेच: औलादीत ‘व’चा अंश उरला, ईद-ए-मिलादमधल्या मिलादमध्ये तो लोपला.

मिरास म्हणजे वंशपरंपरेचा हक्क. मराठेशाहीत गावची जमीन पिढीजात हक्काने कसणारा तो मिरासदार, आणि असा हक्क नसलेला, बहुधा बाहेरून आलेला, तो उपरी. कथाकार द. मा. मिरासदार (१९२७-२०२१) यांचे आडनाव याच शब्दाचे. पुढे अर्थ आणखी सरकला. “ही काय तुमची मिरासदारी आहे?” असे आपण चिडून विचारतो, तेव्हा मिरासदारी म्हणजे मक्तेदारी.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मूळ क्रियापदाची गोष्ट. अरबीत या साध्या क्रियापदाचा कर्ता देणारा नसतो, घेणारा असतो. वारस हा करणारा आहे. गावाकडचा व्यवहारही तेच सांगतो. माझे वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आमची नावे आपोआप चढली नाहीत. वारस नोंदीसाठी आम्हां भावंडांनाच अर्ज करावा लागला.

म्हणून ‘वारसा द्यायचा’ एवढे म्हणून आपले काम संपत नाही. आपण कितीही दिला तरी घ्यायची क्रिया मुलांची आहे. शब्द कुठून आला असे विचारणाऱ्या त्या मुलाने ती सुरू केली, असे मी मानतो. त्याला उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण ठेवायला हवी.