ईस्टएंड: आपली हाडं आपल्याच गावात

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या ग्रामीण भागात समोरून गाडी आली की तिचा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असावी लागत नाही. हिवाळ्यात जिथे पारा उणे ३० अंशांखाली जातो आणि पुढचं घर काही किलोमीटरवर असतं, तिथे आज ज्याला बोट दाखवलं तोच उद्या बर्फात रुतलेली आपली गाडी ओढून काढणार असतो. इकडे पहिल्यांदा आलेली मुलं दहा मिनिटांत हे शिकतात आणि मग मागच्या सीटवरून प्रत्येक ट्रकला बोट दाखवत बसतात.

प्रांताची राजधानी रेजायना. तिथून ईस्टएंड हे खेडं साधारण ४०० किलोमीटर. क्रमांक एकच्या महामार्गाने पश्चिमेला निघालं की मूस जॉ शहराशी मॅक नावाचा प्रचंड पुतळा लागतो. हा मूस, म्हणजे उत्तरेकडचं महाकाय हरीण. नॉर्वेने त्याच्याहून थोडा उंच मूस उभा केला, म्हणून २०१९मध्ये शहराने मॅकला नवी, मोठी शिंगं बसवून जगातल्या सर्वांत उंच मूसचा मान परत मिळवला. पुढे चॅप्लिनचं खारं सरोवर. मिठागरासारखा पांढराशुभ्र काठ आणि वसंतात उत्तरेकडे निघालेल्या पाणपक्ष्यांचे थवे. गल लेकला महामार्ग सोडून दक्षिणेला वळायचं आणि शॉनव्हनहून १३ क्रमांकाचा रस्ता धरायचा. १८७४मध्ये लाल डगलेवाले घोडेस्वार पोलीस पश्चिमेकडे कूच करून गेले, त्यांच्या आठवणीत याला रेड कोट ट्रेल म्हणतात.

या प्रवासात ‘बघायला काही नाही’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. इथली जमीनच वाचायची असते. १८७२च्या कायद्याने सरकारने प्रेअरीचे, म्हणजे या गवताळ माळाचे, चौकोन आखले. १६० एकरांचा एक तुकडा दहा डॉलर शुल्क भरून मिळे. अट इतकीच की तिथे राहायचं आणि जमीन कसायची. घोडागाडीने धान्य घालून दिवसात परत येता यावं इतक्या अंतरावर रेल्वेने स्थानकं वसवली, प्रत्येक स्थानकाशी लाकडी धान्य-मनोरे उभे राहिले. १९३०च्या दशकात कॅनडात असे साडेपाच हजारांहून अधिक मनोरे होते. मग ट्रक आले, शाखामार्ग बंद पडत गेले, १९९५मध्ये धान्यवाहतुकीचं जुनं अनुदान संपलं, आणि मनोरे पाडले जाऊ लागले. मनोरा गेला की दुकान जातं, मग शाळा, मग आइस हॉकीचं मैदान. ईस्टएंडच्या पश्चिमेला १३ क्रमांकाच्याच रस्त्यावरचं रॉबसार्ट गाव पाहिलं की ही उतरंड डोळ्यांना दिसते: ओळीने उभी, रंग उडालेली, रिकामी घरं.

ईस्टएंडची वस्तीही पाचशे-सहाशेच. पण ते रॉबसार्टच्या वाटेने गेलं नाही. का, याचं उत्तर मला तरी तिथल्या मातीत सापडलेल्या वस्तूंपाशी मिळतं. या गावाने आपलं जे काही होतं ते शहराच्या हवाली करून टाकलं नाही.

सपाट माळावरून रस्ता एकदम खाली उतरतो आणि फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात, पांढुरक्या मातीच्या टेकड्यांच्या कुशीत गाव दिसतं. सायप्रस हिल्सचं हे पूर्वेकडचं टोक. त्यावरूनच गावाचं नाव पडलं. कॅनडातल्या बहुतेक नद्या उत्तरेच्या समुद्रांकडे वाहतात. ही मात्र मिसूरीला मिळून मेक्सिकोच्या आखाताकडे जाते.

१६ ऑगस्ट १९९१ रोजी रॉबर्ट गेभार्ट हे ईस्टएंडच्या शाळेतले शिक्षक प्रांतिक संग्रहालयाच्या जीवाश्मतज्ज्ञांबरोबर या टेकड्यांत फिरत होते. हौस म्हणून, शोधकाम कसं चालतं ते पाहायला. त्यांच्या हाती शेपटीचा एक मणका लागला आणि खूप झिजलेल्या दाताचा बुंधा. ते अवशेष होते टायरॅनोसॉरस रेक्स, म्हणजे टी-रेक्स, या डायनासोरचे. खोदकाम १९९४मध्ये सुरू झालं. लोहयुक्त वाळूखडकाने हाडांना असं घट्ट धरलं होतं की ती मोकळी करायला वीसेक वर्षं गेली. शोध लागल्याच्या आनंदात जी स्कॉचची बाटली उघडली गेली, तिच्यावरून त्या प्राण्याचं नाव पडलं स्कॉटी. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचं वजन सुमारे ८,८७० किलो असावं असं मांडलं. तोवर सापडलेल्या टी-रेक्समधला हा सर्वांत वजनदार. मोडून पुन्हा जुळलेल्या बरगड्या आणि जबड्यातल्या संसर्गाच्या खुणा सांगतात की त्याचं आयुष्य सुखाचं नव्हतं.

अमेरिकेत सापडलेला स्यू नावाचा टी-रेक्स १९९७मध्ये ८० लाखांहून अधिक डॉलरना लिलावात गेला. स्कॉटी विकला जाणं शक्यच नव्हतं. सस्कॅचवानच्या १९८०च्या वारसा कायद्याने जमिनीतला जीवाश्म साऱ्या प्रांताचा ठरतो, शेत कोणाचंही असो. पण प्रांताचा म्हणजे राजधानीचा, असाही अर्थ लावता आला असता. गावकऱ्यांनी तो लावू दिला नाही. हाडं इथे सापडली, तर त्यांचं कामही इथेच व्हावं, हा आग्रह त्यांनी धरला आणि पाठपुरावा सोडला नाही. त्यातून टेकडीच्या पोटात बांधलेलं टी-रेक्स डिस्कव्हरी सेंटर उभं राहिलं. रेजायनाच्या प्रांतिक संग्रहालयातही स्कॉटीच्या सांगाड्याची प्रतिकृती २०१९पासून आहे. पण जीवाश्म संशोधनाचं केंद्र या खेड्यात आहे, आणि प्रवासी मुलाबाळांना घेऊन इथवर येतात ते त्यामुळेच.

मुलं सर्वांत जास्त रेंगाळतात ती एका वेगळ्याच वस्तूपाशी. १९९५मध्ये ईस्टएंडजवळ ४४ सेंटिमीटर लांबीची अश्मीभूत विष्ठा सापडली. तिच्यात भक्ष्याच्या हाडांचे चुरलेले कण होते, आणि ती टी-रेक्सचीच असावी असा निष्कर्ष १९९८मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. मराठी वाचकाला इथे थांबायला आणखी एक कारण आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत उगवलेलं होतं हे २००५मध्ये ‘सायन्स’मधून जगाला कळलं. ईस्टएंडचं नाव कॅनडातल्या शाळकरी पोरांच्या तोंडी आहे. पिसदुऱ्याचं आपल्या किती मुलांनी ऐकलं आहे? मला हे मनापासून लागतं.

गावातलं आणखी एक पाहण्याजोगं ठिकाण म्हणजे कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर यांचं घर. १९१४मध्ये, रेल्वे आली त्याच सुमारास, पाच वर्षांचा वॉलेस इथे आला. सुरुवातीचा मुक्काम रुळांवरून घसरलेल्या एका भोजनडब्यात होता. मग वडिलांनी घर बांधलं. उन्हाळ्यात सगळं कुटुंब मोंटानाच्या सीमेलगतच्या आपल्या शेताकडे निघे. प्रेअरीवरचा त्या काळचा कौटुंबिक प्रवास तो हाच: सामान लादायचं, दिवसभर उन्हातून जायचं आणि पाऊस येईल अशी आशा धरायची. पाऊस आला नाही आणि १९२०मध्ये ते गाव सोडून गेले. पुढे पुलित्झर मिळवलेल्या या लेखकाने ‘वुल्फ विलो’ या पुस्तकात या गावाबद्दल प्रेमाने लिहिलं आणि कठोरही लिहिलं. तरी गावातल्या कलामंडळाने त्यांचं घर डागडुजी करून राखलं. आज लेखक-कलावंत तिथे येऊन राहतात आणि काम करतात.

गावाच्या उत्तरेला चिमनी कूली नावाची घळ आहे. मेटी या मिश्रवंशीय मूळनिवासी समाजाचे लोक इथे हिवाळे काढत. झोपड्या नाहीशा झाल्या तरी त्यांची धुराडी उभी होती, म्हणून हे नाव. १८७१-७२च्या एका हिवाळ्यात इथल्या व्यापारी ठाण्यावर ७५० ग्रिझली अस्वलांची कातडी जमा झाली. या टेकड्यांत आता ग्रिझली नाही. चौकोन आखण्याआधी ही भूमी कोणाची होती आणि तिचं काय झालं, हे मुलांना सांगायचं तर याच घळीत उभं राहून सांगावं.

शरद ऋतूत आलात तर प्रेअरीवरच्या कुठल्याही गावच्या सभागृहात ‘फाउल सपर’ची पाटी दिसते का पाहा. सुगीनंतरचं हे सामुदायिक जेवण: टर्की, बटाटे, युक्रेनी कोबीचे गुंडाळे, सस्कटून बेरीचा गोड ‘पाय’. स्वयंपाक घरोघरचा, वाढायला शाळेतली मुलं, आणि जमलेले पैसे सभागृहाच्या छपराला किंवा हॉकीच्या मैदानाला. पाहुण्याला तिकीट काढून खुशाल बसता येतं.

टी-रेक्स केंद्र उन्हाळ्यातच नीट पाहता येतं. हाताशी एक दिवस असेल तर दक्षिणेला ‘ओल्ड मॅन ऑन हिज बॅक’ या राखीव माळावर जरूर जावं. लेखिका शॅरन ब्युटाला आणि त्यांचे पती पीटर यांनी आपलं कुरण १९९६मध्ये निसर्गसंवर्धनासाठी दिलं. बहुतांश जमीन कधीच नांगरलेली नव्हती. २००३मध्ये तिथे बायसन परत सोडले गेले. रस्ता खडीचा आहे. पाऊस झाला असेल तर ही माती चाकांना गच्च धरते, म्हणून रस्ता वाळेपर्यंत गावातच थांबावं, टाकी आधी भरून घ्यावी आणि पिण्याचं पाणी जवळ ठेवावं.