जाळातली वीज

हिवाळा लागला की बोदवडच्या शिवारात भरीत पार्ट्यांना ऊत येतो. हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात पडतात आणि शेजारी बसलेल्याचे तोंड भाजू लागते. आता गंमत बघा. गरम हवा सरळ वर जाते, मग बाजूला बसलेल्याला ही धग कुठून लागते? मध्ये कुणी येऊन उभा राहिला की ती त्याच क्षणी तुटते, सावली पडावी तशी. कारण ती प्रकाशच असते, फक्त डोळ्यांना न दिसणारा. विल्यम हर्शेलने १८०० मध्ये लोलकाने उन्हाचे रंग वेगळे केले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा तिथेच सर्वांत वर चढला! पुढे १८६०च्या दशकात मॅक्सवेलने गणिताने दाखवले, की प्रकाश म्हणजे विजेची आणि चुंबकत्वाची लाट.

म्हणजे जाळातही वीज आहे? आहे तर. काडीतला कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडले जातात, तेव्हा इलेक्ट्रॉन जागा बदलतात, आणि त्यांना धरून ठेवणारे बळ विजेचेच. या उलथापालथीत सुटलेली ऊर्जा रेणूंना सैरावैरा पळवते. ती पळापळ म्हणजेच उष्णता. ज्वालेचा पिवळेपणा मात्र हजार अंशांच्या आसपास तापलेल्या काजळीचा. (वांग्याच्या सालीवर बसते ती हीच.) तापलेल्या कणांतले विद्युतभार थरथरतात आणि प्रकाश फेकतात.

भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, वाफेवर टर्बाइन फिरते, वीज होते. पण कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच तारेत उतरतो. सैरावैरा पळणाऱ्या रेणूंना एका दिशेने हाकणे महागच पडते. उलटा प्रवास फुकटात होतो: शेगडीच्या तारेत इलेक्ट्रॉन धडका घेतात आणि तार लाल होते.

शेतातला सौरपंप आग आणि वाफ दोन्ही टाळतो. उन्हातला प्रकाश पॅनेलच्या सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन थेट सुटा करतो. मग एप्रिलमधल्या ४४ अंशांत पॅनेल जोरात चालत असेल? उलट. सिलिकॉन तापले की व्होल्टेज घसरते. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज कमी. पॅनेलला ऊन भरघोस हवे, पण हवा थंड.