व्याख्यान : ईडीएमवर लक्ष कसं ठेवायचं?

ईडीएम, म्हणजे आपल्याकडचं ‘स्पार्क मशीन’, ठिणग्यांनी धातू कसा काढतं हे आपण मागच्या वेळी पाहिलं. आजचा प्रश्न पुढचा. इलेक्ट्रोड आणि जॉब यांच्यातली फट केसाएवढी बारीक, तीही तेलात बुडालेली. आत काय चाललंय हे कळणार कसं?

विषय जवळचाच आहे. बारामतीत भारत फोर्जसारखा मोठा कारखाना आहे. फोर्जिंगची डाय कडक पोलादाची असते. तिचे अरुंद, खोल कोपरे कटरला जमत नाहीत, तिथे स्पार्क मशीन लागतं. पण तयार होत आलेल्या डायवर एक खोल खड्डा पडला, की वेल्डिंग करून पुन्हा सगळं काम.

म्हणून आपण फटीचं व्होल्टेज मोजत राहतो. प्रत्येक पल्सच्या चार शक्यता असतात :

१. फट जास्त : ठिणगीच नाही, व्होल्टेज चढलेलंच राहतं.
२. चांगली ठिणगी : व्होल्टेज चढतं, क्षणभर टिकतं, मग साधारण 20 ते 30 व्होल्टवर उतरतं.
३. आर्क : ते क्षणभर टिकणं जवळजवळ नाहीसं होतं.
४. शॉर्ट : व्होल्टेज शून्याजवळ.

यात घातक आर्क. नीरा डाव्या कालव्यावर उसाला पाणी देणाऱ्यांना हे लगेच कळेल. बांध एकदा फुटला की पाणी तिथूनच धावतं. तसंच फटीत कचरा साचला किंवा दोन पल्समधली विश्रांती कमी पडली, तर तेल सावरत नाही आणि ठिणग्या एकाच जागी पडतात. खड्डा तिथेच.

साधा सर्व्हो सरासरी व्होल्टेज बघतो : कमी झालं की इलेक्ट्रोड मागे, वाढलं की पुढे. पण सरासरी फसवते. काही पल्स रिकाम्या आणि काही आर्कच्या असल्या, तरी सरासरी छान दिसू शकते! म्हणून चांगला कंट्रोलर एकेक पल्स तपासतो. आर्क वाढले की ऑफ टाइम वाढवतो, इलेक्ट्रोड वर उचलून कचरा निघू देतो, आणि फट साफ झाली की पुन्हा मूळ सेटिंगवर येतो. ऑफ टाइम कायम जास्त ठेवला तर डाय वाचेल, पण काम रेंगाळेल.

जुन्या मशीनवर ही सोय नसेल, तर काटा आणि आवाज यांकडे लक्ष हवं. काटा थरथरू लागला, एकसारखी तडतड तुटली, तर आधी फ्लशिंग बघा. आणि एक पक्कं : तेलाची पातळी घसरून ठिणगी उघड्यावर आली तर आग लागते. पातळीचा फ्लोट स्विच कधीही बायपास करू नका.

पुढच्या व्याख्यानात वायरकट बघू. तार तुटण्याआधी काय इशारा मिळतो, तिथून सुरुवात करू.