बंदुकीचा गंज काढा, पण मुलामा राखा!

कोकणातल्या बागायतदाराची शेतसंरक्षणाची बंदूक चालते कमी आणि कोपऱ्यात उभी राहते जास्त. त्यातून निवडणूक लागली की अनेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. दमट हवेत पडून परत येते तेव्हा नळीवर तांबूस ठिपके! मग घरातला एखादा हौशी पॉलिश पेपर घेऊन बसतो आणि तासाभरात काळीभोर नळी पांढरीफटक करतो. गंज गेला, पण सोबत कातडीही गेली. उघडं पोलाद पुढच्या पावसात दुप्पट गंजतं.

नळीवरची निळसर-काळी झाक हा रंग नव्हे. लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा तो मुद्दाम चढवलेला पातळ थर. म्हणजे गंजाचाच भाऊ, पण शहाणा. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाजारातलं गंज काढायचं औषध लावलंत, की तांबड्यासोबत काळाही विरघळतो. भांड्यांची तारेची घासणी तर नकोच.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते पाहा. ठासणीची असेल तर केप काढून गज तळापर्यंत जातो का तपासा. मग डागांवर शिवणयंत्राचं पातळ तेल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी सुती चिंधीने पुसा. बराचसा गंज तेवढ्यानेच सुटतो. उरला तर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. आधी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर करून बघावं. कोरडं घासू नये. चिवट ठिपका तांब्याच्या तुकड्याच्या कडेने खरवडता येतो. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं. गंजाने खाल्लेला मुलामा मात्र परत येत नाही, तिथे फिकट डाग राहणारच.

ठासणीवाल्यांनी आणखी एक करावं. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते. बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, पुरती सुकवून तेल द्यावं.

कातडी कव्हरात बंदूक ठेवू नका, ते ओल धरतं. हाताळल्यावर घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा. आणि नळीच्या आत खड्डे दिसले तर घरगुती उपाय थांबवा. परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यातून बार काढू नका.